बंदूक आणि काडतुसं घरात एकाच कपाटात ठेवावीत का? (नाशिक, फ्लॅट)

गंगापूररोडकर:

नमस्कार मंडळी. वडिलांची १२ बोअरची (बोअर म्हणजे नळीचं माप) दुनळी बंदूक आहे. तिचा परवाना जिल्हाधिकारी कार्यालयाचा, पत्ता निफाड तालुक्यातला. माझ्याकडे .३२ चं रिव्हॉल्व्हर आहे, परवाना नाशिक पोलीस आयुक्तालयाचा. वडील आता कायमचे आमच्याकडे फ्लॅटवर राहायला येत आहेत. घरात सहा आणि तेरा वर्षांची दोन मुलं आहेत. बेडरूममध्ये नेहमीचं स्टीलचं कपाट आहे, आत लॉकर आहे. दुनळी कपाटात उभी, रिव्हॉल्व्हर आणि दोन्हींची काडतुसं लॉकरमध्ये, असं ठेवलं तर चालेल का? की काडतुसं वेगळीच ठेवायला हवीत? वेगळी म्हणजे नेमकी कुठे आणि कशी? पावसाळ्यात आमच्याकडे भिंतींना ओल असते, तेही सांगून ठेवतो.

देवळालीकर आर्मोरर:

तुम्ही लिहिलंय तसं ठेवू नका. काडतुसं वेगळ्या कुलपात हवीत आणि त्या कुलपाची किल्ली बंदुकीच्या किल्लीसोबत एकाच जुडग्यात नको. दोन खोल्या की एकच खोली, हा प्रश्न त्यानंतरचा. एकच किल्ली हाती लागली की भरायला तयार हत्यार हाती लागतं, आणि मोडायची आहे ती हीच साखळी. तेरा वर्षांच्या मुलाला घरातल्या सगळ्या किल्ल्यांच्या जागा माहीत असतात, हे धरूनच चला. चोराच्या बाबतीतही तेच. नुसती बंदूक गेली तर ती वाईटच घटना, पण बंदूक आणि काडतुसं एकत्र गेली तर ती त्याच रात्री दुसऱ्या घरात वापरली जाऊ शकते.

२००५ साली ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात अमेरिकेतल्या घरांबद्दल एक अभ्यास आला होता. हत्यार रिकामं ठेवणं, हत्यार कुलपात ठेवणं, काडतुसं कुलपात ठेवणं आणि काडतुसं हत्यारापासून वेगळी ठेवणं, या चारही सवयी तपासल्या होत्या. वीस वर्षांखालच्या मुलांना होणाऱ्या अपघाती इजा आणि त्यांचे आत्महत्येचे प्रयत्न या दोन्हींत प्रत्येक सवयीचा स्वतंत्रपणे फायदा दिसला. म्हणून यातली एकच निवडू नका, चारही करा.

आता रिकामं करण्याबद्दल, कारण सगळ्या घोळाची सुरुवात इथेच होते. दुनळी असेल तर नळीचं तोंड सुरक्षित दिशेला धरा, वरचा खटका सरकवून बंदूक मोडा, म्हणजे बिजागरीवर वाकवून उघडा, दोन्ही कोठ्या (नळीच्या बुडाशी काडतूस बसतं ती जागा) डोळ्यांनी बघा आणि मग बोट घालून चाचपा. अंधारात किंवा घाईत नुसत्या नजरेवर विसंबू नका. नळीतून आरपार उजेड दिसला पाहिजे. कोळ्याचं जाळं किंवा साफसफाईची चिंधी नळीत राहिली असेल तर तीही तेव्हाच कळते. रिव्हॉल्व्हर उघडून एक्स्ट्रॅक्टर, म्हणजे काडतुसं बाहेर ढकलणारा दांडा, पूर्ण दाबा आणि सहाही घरं मोजा. पाच काडतुसं बाहेर पडली आणि सहावं चिकटून बसलं, असं जुन्या किंवा हिरवट पडलेल्या काडतुसांत होतं.

पिस्तूल असणाऱ्यांसाठी क्रम लक्षात ठेवा: आधी मॅगझिन (काडतुसांची सुटी डबी) काढायचं, मग स्लाइड (वरचा सरकणारा भाग) ओढायची. उलट केलं तर स्लाइड ओढताना कोठीतलं काडतूस बाहेर पडतं, मॅगझिनमधलं पुढचं आत जातं, आणि त्यानंतर मॅगझिन काढून माणूस ‘रिकामं झालं’ समजतो.

दुनळीला आणखी एक सोय आहे जी बरेच जण वापरत नाहीत. नळीखालची लाकडी पट्टी, म्हणजे फोरएंड, काढता येते. ती काढली की नळ्या दस्त्यापासून सुट्या होतात. फोरएंड काडतुसांच्या पेटीत ठेवा. मग कपाट फोडलं तरी चोराच्या हाती लागतात ते सुटे भाग, चालती बंदूक नाही. ही सवय फुकटची आहे आणि कुठल्याही ट्रिगर लॉकपेक्षा भक्कम. ट्रिगर लॉक, म्हणजे चापावर बसवायचं कुलूप, लावणारच असाल तर फक्त रिकाम्या हत्याराला लावा. भरलेल्या हत्याराला कुलूप बसवताना त्याचा दांडा चापाला लागू शकतो.

सातपूर टूलरूम:

वरचं सगळं मान्य, पण ‘वेगळ्या खोलीत’ यावर फार अडून बसू नये असं माझं मत आहे. जर्मनीत २०१७ पासून ठरावीक दर्जाच्या प्रमाणित तिजोरीत हत्यार आणि काडतुसं एकत्र ठेवायला परवानगी आहे. तिथला विचार असा की तिजोरी खरोखर भक्कम असेल तर आतली वाटणी दुय्यम ठरते. आपली अडचण अशी की तसल्या तिजोऱ्या आपल्या फ्लॅटमध्ये नसतात. आपण ज्याला कपाट म्हणतो त्याचा पत्रा जेमतेम एक मिलिमीटरचा, आतल्या लॉकरचाही तेवढाच. दरवाज्याच्या फटीत पहार घातली की काही मिनिटांत बिजागरीची बाजू उघडते. लॉकर कपाटाच्या आत आहे म्हणून दुहेरी सुरक्षा झाली असं नाही. दोन्ही एकाच पहारीने उघडतात.

घेणारच असाल तर किमान २ मिलिमीटर जाडीच्या पत्र्याची, आतून बिजागरी असलेली, दोन-तीन बोल्ट दरवाज्याच्या वेगवेगळ्या बाजूंना सरकणारी तिजोरी घ्या. दुनळी नळ्या काढून ठेवणार असाल तर पाच फूट उंचीची गरज नाही. नळ्यांची लांबी मोजा, साधारण २८ ते ३० इंच असते, आणि त्यात बसेल अशी घ्या. मग ती कपड्यांच्या कपाटाआडही मावते.

बसवणं जास्त महत्त्वाचं. ४०-५० किलोची तिजोरी दोन माणसं उचलून लिफ्टने घेऊन जातात. ती आरसीसी कॉलमला किंवा स्लॅबला अँकर बोल्टने चार ठिकाणी जखडा, १० किंवा १२ मिलिमीटर व्यासाचे. फ्लॅटमधल्या आतल्या भिंती बहुतेक चार इंची विटांच्या किंवा हलक्या ब्लॉकच्या असतात. त्यात अँकर घातला तर ओढल्यावर वीट घेऊनच बाहेर येतो. स्लॅबमध्ये भोक पाडताना खाली वायरिंग किंवा पाण्याची लाइन नाही याची आधी खात्री करा.

इलेक्ट्रॉनिक कुलूप घेतलं तर दोन गोष्टी त्याच दिवशी करा. कारखान्यातून आलेला मास्टर कोड बदला. बऱ्याच स्वस्त तिजोऱ्यांत तो सगळे शून्य असा असतो, आणि तुम्ही तुमचा कोड बदलला तरी तो चालू राहतो. दुसरं, सोबत येणारी आपत्कालीन किल्ली त्याच घरातल्या ड्रॉवरमध्ये टाकू नका. कोड मुलांच्या वाढदिवसाचा नको, गाडीच्या नंबरचा नको.

द्राक्षबाग पिंपळगाव:

ओलीबद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. काडतुसं वेगळी ठेवायचं हे दुसरं मोठं कारण आहे, आणि मुलं नसलेल्या घरालाही ते लागू पडतं.

बंदुकीला तेल लागतं आणि काडतुसांना तेल चालत नाही. एकाच बंद लॉकरमध्ये दोन्ही असली की तेलाचा हात काडतुसाला लागतो, किंवा वरच्या कप्प्यातून तेल खाली झिरपतं. स्प्रेमधून मारायचं पातळ, भेदक तेल काडतुसाच्या बुडाच्या टोपीत शिरलं तर आतला स्फोटक लेप निकामी होतो. बाहेरून काडतूस नव्यासारखं दिसतं आणि ऐनवेळी नुसता ‘टक्’ आवाज येतो. असं झालं तर बंदूक लगेच उघडू नका. अर्धा मिनिट तोंड सुरक्षित दिशेला धरून थांबा, उशिरा पेटणारं काडतूस हातात फुटू शकतं.

वडील गावाहून येताना काडतुसं चामड्याच्या पट्ट्यात आणतील, तर ती लगेच पट्ट्यातून काढा. चामडं कमावताना वापरलेली द्रव्यं आणि चामड्याने धरलेला ओलावा यांमुळे पितळेवर हिरवा थर चढतो. रिव्हॉल्व्हरसुद्धा चामड्याच्या होल्स्टरमध्ये ठेवून कपाटात टाकू नका, दोन पावसाळ्यांत ब्लूइंगवर (लोखंडावरच्या निळसर-काळ्या संरक्षक थरावर) ठिपके येतात. फोमचं अस्तर असलेली बॅग तर त्याहून वाईट. ती नेण्याआणण्यापुरती ठीक.

गावाकडच्या लोकांसाठी एक सांगतो. बागेतल्या खत-औषधांच्या खोलीत बंदूक किंवा काडतुसं ठेवण्याची पद्धत आहे, कारण त्या खोलीला कुलूप असतं. ती जागा सगळ्यात वाईट. युरिया आणि अमोनियम सल्फेटच्या गोण्यांना ओल लागली की अमोनिया सुटतो, आणि अमोनियाने पितळेला भेगा जातात. हे ब्रिटिशांच्या काळात भारतातच लक्षात आलं होतं. एकोणिसाव्या शतकात घोड्यांच्या तबेल्यात ठेवलेली पितळी काडतुसं पावसाळ्यात तडकायची, आणि घोड्यांच्या मुतातल्या अमोनियाचा हा परिणाम आहे हे पुढे विसाव्या शतकात सिद्ध झालं. तडकलेलं पितळ फुटलं तर गरम वायू मागे, नेम धरणाऱ्याच्या तोंडाकडे येतो. त्यात द्राक्षावरच्या भुरी रोगासाठीची गंधक पावडर पितळ काळं करते आणि बोर्डो मिश्रणाच्या फवारणीसाठी आणलेला मोरचूद लोखंड खातो. शहरातल्यांनी काडतुसं पितळ चमकवायच्या पॉलिशने पुसू नयेत, त्यातल्या अनेकांत अमोनिया असतो. कोरड्या सुती फडक्याने पुसलं की पुरे.

फ्लॅटमध्ये ओल आलेल्या भिंतीला कपाट टेकवू नका, चार बोटं अंतर सोडा. बाथरूमच्या मागची भिंत तर नकोच. आत अर्धा किलो रंग बदलणारी सिलिका जेल कापडी पिशवीत टांगा. निळी असेल तर ओलावा पिऊन गुलाबी होते, नारिंगी असेल तर हिरवी. रंग बदलला की ओव्हनमध्ये साधारण १२० अंशांवर दोन तास तापवून परत वापरा. जूनपासून सप्टेंबर संपेपर्यंत दर पंधरवड्याला बघावी लागते, थंडीत महिनोन्‌महिने हात लावावा लागत नाही. छोटा डिजिटल आर्द्रतामापक आत ठेवा. आकडा ५० टक्क्यांच्या आसपास असला की चिंता नाही, ६५ च्या वर गेला की गंज सुरू होणार हे धरा. बंदुकीला तेलाचा हात अगदी पातळ द्या आणि नळीचं तोंड खाली करून ठेवा. तोंड वर ठेवलं तर तेल ओघळून दस्त्याच्या लाकडात मुरतं आणि जोडाजवळचं लाकूड मऊ पडतं.

काडतुसं माळ्यावर नकोत. वरच्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये एप्रिल-मे महिन्यांत स्लॅबखालची जागा सगळ्यात तापते, आणि वारंवारच्या उष्णतेने दारूतला स्थिरता देणारा घटक लवकर संपतो. खोलीच्या खालच्या भागात, मूळ पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवा. खोक्यावर खरेदीची तारीख लिहा आणि आधी जुनी वापरा.

गंगापूररोडकर:

खूप उपयोगी. दोन शंका. काडतुसांची पेटीही जाड लोखंडी आणि हवाबंद घ्यावी का, म्हणजे ओलही जाणार नाही? आणि आग लागली तर? शिवाय वडिलांच्या पेटीत जुनी, वेगवेगळ्या रंगांची काडतुसं आहेत, काही कागदी नळकांड्यांची. ती ठेवावीत का?

देवळालीकर आर्मोरर:

जाड हवाबंद पेटी नको. सुटं काडतूस आगीत तापलं तर फुटतं, पण त्याला नळीचा आधार नसतो, म्हणून गोळी बंदुकीतून सुटल्यासारख्या वेगाने जात नाही. पितळेचे तुकडे उडतात, ते डोळ्याला, चेहऱ्याला इजा करू शकतात. हीच काडतुसं घट्ट बंद जाड लोखंडात असली तर दाब आत साठतो आणि पेटीच फुटते. म्हणून पातळ पत्र्याची गल्लापेटी किंवा लाकडी पेटी, कुलूप लावता येईल अशी, पण दाबाला वाट देणारी घ्या. ती भिंतीला किंवा कपाटाच्या तळाला दोन स्क्रूने जखडा. आगीत खरा धोका भरलेल्या हत्याराचा असतो, कारण तापलेल्या कोठीतलं काडतूस खरोखर नळीतून सुटतं आणि तोंड कुठे आहे ते कुणालाच माहीत नसतं. आग लागलीच तर अग्निशमनवाल्यांना पहिल्या वाक्यात सांगा की अमुक खोलीत काडतुसं आहेत.

रंगीबेरंगी पेटीबद्दल मात्र नीट ऐका. २० बोअरचं काडतूस १२ बोअरच्यापेक्षा बारीक असतं, ते १२ बोअरच्या कोठीत थांबत नाही, पुढे घसरतं आणि नळीत अडकतं. कोठी रिकामी दिसते, माणूस वर १२ बोअरचं घालतो आणि चाप ओढतो. नळी फाटते आणि सहसा फोरएंडवरचा हात जिथे असतो तिथेच फाटते. म्हणूनच २० बोअरची काडतुसं पिवळ्या रंगाची करायचा प्रघात आहे, पण जुन्या मालात रंगावर विसंबू नका, बुडावरचा आकडा वाचा.

दुसरं, नळीच्या बुडाशी कोरलेली कोठीची लांबी बघा. जुन्या कित्येक दुनळ्यांची कोठी ६५ मिलिमीटरची आहे, आजची काडतुसं ७० मिलिमीटरची. न उडवलेलं ७० चं काडतूस आत व्यवस्थित बसतं, कारण त्याचं तोंड दुमडलेलं असतं. उडवल्यावर ते उलगडायला जागा मिळत नाही आणि दाब वाढतो. बसतंय म्हणजे चालतंय असा हिशोब इथे करायचा नाही.

कागदी नळकांडी ओलीने फुगतात, कोठीत अर्धी जातात आणि बाहेर काढताना बूड सुटून हातात येतं. ती वापरूही नका आणि साठवूही नका.

.३२ मध्येही रिव्हॉल्व्हरचं काडतूस आणि पिस्तुलाचं काडतूस वेगळं. दुकानात ‘बत्तीस’ एवढंच म्हणू नका, परवाना आणि हत्यार दोन्ही सांगून घ्या.

परवाना कागदपत्र:

कायद्याची बाजू राहिली आहे, आणि तुमच्या प्रश्नातली सगळ्यात नाजूक गोष्ट तीच आहे. घरात दोन परवानाधारक आहेत, हत्यारं दोन, आणि प्रत्येक हत्यार फक्त ज्याच्या नावावर आहे त्याच्याच ताब्यात असायला हवं. वडिलांची दुनळी तुमच्या तिजोरीत आणि किल्ली फक्त तुमच्याकडे, असं झालं तर दुनळी प्रत्यक्षात कुणाच्या ताब्यात आहे असा प्रश्न विचारला जाऊ शकतो. म्हणून दोन वेगळे कप्पे, दोन वेगळी कुलपं. आई, पत्नी, मुलगा यांच्या हाती कुठलीच किल्ली नको, ‘सांभाळायला’ म्हणूनही नको. परवाना नसलेल्याने हत्यार किंवा काडतुसं बाळगणं हा १९५९ च्या शस्त्र अधिनियमाखाली गुन्हा आहे, आणि परवान्याची अट मोडली तर कलम ३० लागतं.

वडिलांचा पत्ता बदलतोय. ग्रामीण भागात परवाना जिल्हाधिकारी देतात, शहरात पोलीस आयुक्त. पत्ताबदल दोन्हीकडे लेखी कळवा, पोच घ्या, आणि बंदूक नाशिकला आणण्यापूर्वीच ही चौकशी करा. परवान्यावर एका वेळी किती आणि वर्षात किती काडतुसं ठेवता येतील हा आकडा लिहिलेला असतो. जुन्या पेटीतली काडतुसं मोजली तर कित्येकदा आकडा ओलांडलेला सापडतो. ती मोजणी आजच करा.

नको असलेली काडतुसं गोदावरीत, विहिरीत किंवा कचऱ्यात टाकायची नाहीत, पुरायची नाहीत, चुलीत तर नाहीच. पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा करा. पावतीवर बोअर आणि संख्या लिहून घ्या. निवडणुकीच्या काळात हत्यार जमा करताना हाच नियम ठेवा: पावतीवर हत्याराचा क्रमांक, सोबत दिलेल्या काडतुसांची संख्या, आणि आधीपासून असलेला ओरखडा-गंज. हत्यार हरवलं किंवा चोरीला गेलं तर सकाळपर्यंत थांबू नका, लगेच जवळच्या पोलीस ठाण्यात तक्रार द्या.

सिडको नाइट शिफ्ट:

सगळं पटलं, पण एक विचारतो. रात्री दोनला दार फोडलं तर काडतुसं एकीकडे, बंदूक दुसरीकडे, फोरएंड तिसरीकडे. मग परवाना घेतला कशाला?

देवळालीकर आर्मोरर:

प्रश्न रास्त आहे. झोपायच्या खोलीत भिंतीला जखडलेली, बोटांनी अंधारात उघडता येईल अशा यांत्रिक बटणांची छोटी पेटी ठेवता येते. परवानाधारक घरात असेल तेव्हा रात्री रिव्हॉल्व्हर तिच्यात आणि काडतुसं शेजारच्या दुसऱ्या पेटीत, सकाळी दोन्ही परत आपापल्या कुलपात. सराव असेल तर सहा काडतुसं भरायला फार वेळ लागत नाही. सराव नसेल तर भरलेलं हत्यार उशाशी ठेवूनही उपयोग नाही, कारण अर्धवट झोपेत अंधारात समोर कोण आहे हे ओळखणं भरण्यापेक्षा अवघड आहे. रात्री पाणी प्यायला उठलेला मुलगाही त्याच अंधारातून येतो. आधी दार आतून लावून ११२ ला फोन करा. फ्लॅटमध्ये मुख्य दाराला लोखंडी सुरक्षा दरवाजा आणि आतून आडवा अडसर यांवर खर्च केलेला पैसा तुम्हाला जागं व्हायला, फोन करायला आणि पेटी उघडायला लागणारा वेळ मिळवून देतो.

द्राक्षबाग पिंपळगाव:

एक गोष्ट कुणी उघड बोलत नाही, मी बोलतो. घरात कुणी खचलेलं असेल, कर्जाने, आजाराने, परीक्षेने, कशानेही, तर दोन कुलपंही पुरेशी नाहीत, कारण त्या माणसाकडेच किल्ली असू शकते. अशा वेळी हत्यार आणि काडतुसं दोन्ही घराबाहेर हवीत. ज्याचा परवाना त्यानेच पोलीस ठाण्यात किंवा सुरक्षित ताब्याची सोय असलेल्या शस्त्रविक्रेत्याकडे जमा करावीत. पावती मिळते, हत्यार परत मिळतं, परवान्यावर डाग लागत नाही. तो वाईट काळ निघून जाईपर्यंत अंतर ठेवणं हाच सगळ्यात मोठा उपाय असतो. बोलायला कुणी हवं असेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलता येतं.

गंगापूररोडकर:

ठरलं असं: दोन कप्प्यांची तिजोरी कॉलमला, कप्प्यांना वेगवेगळी कुलपं, वडिलांची किल्ली वडिलांकडे. दोघांची काडतुसं दोन वेगळ्या गल्लापेट्यांत दुसऱ्या खोलीत, फोरएंड वडिलांच्या पेटीत. कागदी आणि बुडावरचा आकडा वाचता न येणारी सगळी काडतुसं जमा करणार. पत्ताबदलाचा अर्ज आधी, बंदूक नंतर.

परवाना कागदपत्र:

बरोबर. काडतुसं जमा करायला जाताना मूळ परवाना सोबत ठेवा, वडिलांनाही सोबत न्या. त्यांची काडतुसं तुम्ही एकट्याने गाडीत घालून नेऊ नका. आणि तिजोरी बसवणाऱ्या माणसाला ती कशासाठी आहे हे सांगू नका.